हत्ती वर आले कसे?

१६७४ च्या जून महिन्यात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. दरबारातून बाहेर पडताना दाराशी दोन लहानसे हत्ती आणि सजवलेले घोडे उभे असलेले त्याला दिसले. ज्या अवघड वाटेने आपण जपून पावले टाकत आलो, त्याच वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, याचे त्याला नवल वाटले आणि ते त्याने टिपून ठेवले. सिंहासनाच्या थाटामाटाच्या वर्णनात ही एक ओळ सहज निसटून जाते. पण डोंगरावर शहर वसवणाऱ्याला विचारण्याजोगा सर्वांत नेमका प्रश्न तोच आहे. मग ते शहर खरे असो, नाहीतर केवळ कागदावरचे.

कागदावर अशी शहरे वसवणाऱ्यांची संख्या आज कमी नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला आणि 'रोलप्लेइंग गेम' नावाचा प्रकार सुरू झाला. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राचे सोंग घेतो आणि वीस बाजूंचा फासा नशीब ठरवतो. एक जण मात्र पात्र होत नाही. तो जग रचतो, वेशीवरच्या पहारेकऱ्यापासून ड्रॅगनपर्यंत बाकी सगळ्यांच्या तोंडून बोलतो आणि गोष्ट पुढे नेतो. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. आपल्याकडे त्याच्यासाठी 'सूत्रधार' हा शब्द नाटकवाल्यांनी केव्हाच घडवून ठेवला आहे.

या सूत्रधारांना डोंगरातल्या शहराचे भारी आकर्षण. शिखरावर राजवाडा, त्याखाली उमरावांचे वाडे, मग बाजार, तळाशी गरीब वस्ती आणि मधून फेसाळत कोसळणारा धबधबा, असे चित्र बहुतेकांच्या डोक्यात तयार असते. त्याचे मूळ बऱ्याचदा टॉल्किनच्या मिनास तिरिथमध्ये सापडते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५५ साली आलेल्या तिसऱ्या भागातले हे शहर डोंगराच्या कुशीत एकावर एक सात टप्प्यांनी चढत जाते आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र तट आहे. चित्र देखणे आहे. अडचण खेळ सुरू झाल्यावर येते. एखादा चौकस खेळाडू विचारतो, "राजवाडा शिखरावर आहे, तर राजा आंघोळीला पाणी कुठून आणतो?" सूत्रधार फाशांकडे बघत बसतो.

हा प्रश्न रामचंद्रपंत अमात्यांना पडला नसता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिल्या गेलेल्या त्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवर एक सबंध प्रकरण आहे आणि त्यात तटबुरुजांच्याही आधी पाण्याची चौकशी आहे. जागेवर पाणी आहे की नाही ते पाहा, मगच किल्ला बांधायला घ्या. पाणी नाही पण जागा सोडण्यासारखी नाही, तर खडक फोडून टाकी-तळी खोदा. एखादा झरा लागला म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठवणीच्या पाण्याची वेगळी सोय ठेवा. काल्पनिक शहरांवरची इंग्रजी पुस्तके सूत्रधारांनी वाचावीत, पण हे प्रकरण आधी वाचावे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे.

रायगडावर हे प्रत्यक्ष दिसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा हा माथा पावसाळ्यात पाण्याने नुसता थबथबलेला असतो आणि उन्हाळ्यात तापून निघतो. वर नदी नाही, ओढा नाही. म्हणून गंगासागर, कुशावर्त, हत्तीतलाव अशी तळी आणि जागोजागी खडकात कोरलेली टाकी. सह्याद्रीतल्या गडांवर टाके खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरला जाई. म्हणजे एकाच खड्ड्यातून पाणीही मिळे आणि भिंतही. नकाशा काढणाऱ्याने हे लक्षात ठेवले तर त्याचा अर्धा नकाशा आपोआप तयार होतो. जिथे टाके, तिथे वस्ती; जिथे मोठे तळे, तिथे राजवाडा. रायगडाचा राजवाडा गंगासागराच्या काठी आहे, हा काही योगायोग नव्हे.

पाणी साठवायचे नसेल आणि वाहते असेल तर शहराचा आकार बदलतो. पेरूमधले माचू पिचू इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात, १४५० च्या सुमारास उभे राहिले. डोंगराच्या अंगावरच्या एका झऱ्याचे पाणी सुमारे ७५० मीटर लांबीच्या दगडी पाटाने शहरात आणले होते आणि ते एकाखाली एक अशा १६ धारांमधून पायरीपायरीने उतरे. पहिली धार कुठे? सम्राटाच्या निवासाजवळ. राजाची घागर सर्वांत आधी, सर्वांत निर्मळ पाण्याने भरे; खालच्यांच्या वाट्याला वरच्यांनी वापरून सोडलेले पाणी येई. शहरातली उतरंड कुणी ताम्रपटावर कोरायची गरजच उरत नाही, उतार ती ठरवतो. आणि सूत्रधाराला गोष्टही फुकटात मिळते. तिसऱ्या आणि चौथ्या धारेच्या मध्ये कुणीतरी विष कालवले, तर कोण आजारी पडेल आणि संशय कुणावर जाईल?

माचू पिचूची खरी करामत मात्र डोळ्यांना दिसतच नाही. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी मुरू दिले तर सगळी वस्ती घसरून खालच्या उरुबाम्बा नदीत जाईल. म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांखाली आधी मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि शेवटी माती असे थर घातलेले आहेत. तिथल्या पाणीव्यवस्थेचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले अमेरिकी अभियंते केनेथ राइट यांच्या अंदाजाप्रमाणे, त्या शहराच्या एकूण बांधकामापैकी साठ टक्के काम जमिनीखाली आहे. पाचशेहून अधिक वर्षे, भूकंपाच्या प्रदेशात, ते जागचे हललेले नाही. डोंगरी शहरात जागा पैशाने विकत मिळत नाही, ती आधी रचावी लागते, हे इथे कळते.

पाणी आपोआप खाली येते. बाकी सगळे वर न्यावे लागते. धान्य, सरपण, मीठ, चुना, लोखंड, लग्नातली वाजंत्री, सगळेच. रायगडाची हिरकणीची गोष्ट मराठी घरात प्रत्येकाने ऐकलेली असते. खालच्या गावातली गवळण दूध घालायला वर येते, सूर्यास्ताला दरवाजे बंद होतात आणि घरी तान्हे बाळ आहे म्हणून ती अंधारात कडा उतरते. आईच्या मायेची कथा म्हणून ती सांगितली जाते, ते ठीकच. पण नकाशाच्या नजरेने पाहिले तर तीत पुरवठ्याची सगळी यंत्रणा दिसते. गडावरचे दूध रोज खालून येत होते. आणणारे लोक वर राहत नव्हते. दरवाजाला वेळ होती, ती तान्ह्या बाळाच्या आईलाही मोडता येत नव्हती. कड्यावर पहारा नव्हता, कारण तिथून कुणी येऊ-जाऊ शकेल असे कुणाला वाटलेच नव्हते. चार वाक्यांच्या लोककथेत एवढा भूगोल बसतो, कारण ती गोष्ट त्या जागेतूनच उगवली आहे.

म्हणूनच डोंगरावरचे शहर कधी एकटे नसते. त्याला पायथ्याशी एक जोडशहर लागतेच. रायगडाला पाचाड होते. जिजाऊंना गडावरची हवा मानवेना म्हणून त्यांचा वाडा तिथेच बांधला होता आणि ऑक्झिंडेनलाही वर बोलावणे येईपर्यंत तिथेच मुक्काम करावा लागला. चढावर मध्येच मेटे, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या आणि त्यांच्या आधाराने राहणारी माणसे. गडाच्या भोवती घेऱ्यातली गावे. वर पोहोचल्यावर माची आणि सर्वांत उंच बालेकिल्ला. राजगडावर तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या आहेत, कारण डोंगराच्या सोंडाच तशा आहेत. मराठी सूत्रधाराने 'अपर वॉर्ड' आणि 'लोअर वॉर्ड' घेऊन बसावे, याचे म्हणूनच जरा नवल वाटते. घेरा, मेट, माची, बालेकिल्ला या चार शब्दांत डोंगरी शहराचा आडवा-उभा आराखडा आयता हाताशी आहे.

ओझे कोण वाहतो यावर रस्ता कसा असेल ते ठरते. बैलगाडीला रुंद आणि मंद चढाचा, वळणावळणाचा रस्ता लागतो. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांना अरुंद पायवाट पुरते. इंकांनी चाकाची गाडी वापरलीच नाही. त्यांचे लामा पंचवीस-तीस किलोचे ओझे घेऊन पायऱ्या चढत, म्हणून त्यांच्या हमरस्त्यांवर बिनदिक्कत जिने आहेत. शहरात जिने काढले की गाड्या बाद, गाड्या बाद झाल्या की मोठ्या तुळया आणि अवजड यंत्रे बाद, आणि हमालांची एक मोठी, संघटित, रागावली तर अख्खे शहर उपाशी ठेवू शकेल अशी जमात जन्माला येते. चोरांच्या टोळीपेक्षा हमालांचा संप खेळात जास्त रंगत आणेल, असे कुठल्याही सूत्रधाराने एकदा करून पाहावे.

वर जाणारे धान्य मुळात पिकते कुठे? टॉल्किनने शेतांचा विचार केला होता. पुस्तकात मिनास तिरिथच्या पायथ्याशी शेते, बागा, घरे असलेला सुपीक पट्टा आहे आणि त्यालाही बाहेरून भिंत आहे. २००३ च्या चित्रपटात मात्र तिथे नुसते गवताळ मैदान उरले. घोडेस्वारांच्या मुसंडीला ते सोयीचे, पण वर राहणारे लोक खातात काय ते कळत नाही.

आता उंचीबद्दलच्या आवडत्या गैरसमजाकडे. श्रीमंत वर आणि गरीब खाली, हा काही निसर्गाचा नियम नाही. बोलिव्हियातले ला पाझ एका खोलगट दरीत वसले आहे. शहराचा मध्य सुमारे ३६०० मीटरवर, दरीच्या कडेवरचे एल आल्टो ४१०० मीटरच्या आसपास, आणि दक्षिणेकडचा भाग चारएकशे मीटर खाली उतरलेला. पैसेवाले लोक राहतात ते खाली, जिथे थंडी कमी आणि श्वासाला हवा जास्त. एल आल्टो ही प्रामुख्याने गावाकडून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती. दर हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, एवढे एकच गणित माहीत असले तरी कोण कुठे राहील याचा अंदाज बांधता येतो. आठशे मीटरवरच्या गडाला उंची म्हणजे संरक्षण आणि मान. चार हजार मीटरवर ती शिक्षा होते. २०१४ साली ला पाझ आणि एल आल्टो यांना जोडणारी केबल कार सुरू झाली, पुढे तिच्या दहा मार्गिका झाल्या. घाटातल्या गर्दीत अडकून जो प्रवास होई, तो आता डोक्यांवरून काही मिनिटांत होतो. कल्पित शहरात जादूचा पाळणा किंवा पाठीवर बसवून नेणारे गरुड असतील तर त्यांनीही हेच केले असते. पाळण्याचे ठाणे जिथे, तिथल्या जमिनीचा भाव वाढला असता आणि हमालांच्या पोटावर पाय आला असता. जादू आली की हिशेब संपत नाही, तो दुसऱ्या वहीत सुरू होतो.

उंचीचा परिणाम चुलीवरही होतो. ला पाझमध्ये पाणी १०० नव्हे, साधारण ८८ अंशांवरच उकळते. डाळ शिजता शिजत नाही. म्हणून उंच प्रदेशातल्या माणसांनी शिजवण्याचे काम वाचवणारी अन्ने शोधली. ल्हासा ३६५० मीटरवर आहे आणि तिबेटी माणसाचे रोजचे अन्न म्हणजे त्साम्पा, भाजलेल्या सातूचे पीठ. चहा घालून मळले की झाले. आपल्या सातूच्या पिठाचे हे दूरचे भावंडच. अँडीज पर्वतातले लोक बटाटे रात्रीच्या कडाक्यात उघड्यावर गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हा 'चुन्यो' वर्षानुवर्षे टिकतो, म्हणजे वेढा पडलेल्या शहराच्या अंबरखान्यात त्याहून चांगले काही नसेल. खेळातल्या खाणावळीत दर वेळी भाजलेले डुक्कर आणि बीअरच का मिळते, हा प्रश्न यापुढे विचारायला हरकत नाही.

इतके सगळे सोसून माणसे तिथे का जातात? याचे उत्तर शहराला असावेच लागते. बोलिव्हियातल्या पोतोसीचे उत्तर होते चांदी. १५४५ साली तिथल्या डोंगरात चांदी सापडली आणि चार हजार मीटरहून उंच, जिथे धड काही पिकत नाही अशा जागी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास वस्ती झाली. धान्य, कोका, दारू, लाकूड सगळे लांबून जनावरांच्या पाठीवर येई. धातुकाचे दगड कुटणाऱ्या गिरण्या पाण्यावर चालवायच्या म्हणून स्पॅनिश अधिकाऱ्यांनी शहराच्या वरच्या अंगाला तलाव बांधून घेतले. खाणीत राबायला सक्तीने माणसे आणली. १६२६ साली त्या तलावांपैकी एकाचा बांध फुटला आणि पाण्याचा लोंढा गिरण्या, घरे, माणसे घेऊन शहरातून गेला. ज्या पाण्यावर श्रीमंती उभी होती ते डोक्यावरच साठवलेले होते. ड्रॅगन न आणताही डोंगरी शहरात प्रलय आणता येतो, तो असा.

संरक्षणाबद्दल सूत्रधारांना फार सांगावे लागत नाही, तट आणि बुरूज ते हौसेने काढतात. दरवाजे मात्र चुकतात. चित्रातला दरवाजा समोर, भव्य, सरळ रस्त्याच्या टोकाला असतो. म्हणजे हत्तीला धडक द्यायला पुरेशी धाव मिळते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत वळून लपला आहे आणि अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही. या गोमुखी रचनेत येणाऱ्याला वळावे लागते आणि वळताना वरून दगडांचा मारा होतो. मिनास तिरिथचे दरवाजेही एकासमोर एक नाहीत, प्रत्येक तटातला दरवाजा वेगळ्या दिशेला आहे, त्यामुळे रस्ता डोंगरावर मागे-पुढे फिरत वर चढतो. ऑक्सफर्डचा भाषापंडित टॉल्किन आणि सह्याद्रीतले गवंडी एकाच निष्कर्षाला आले, हे वाचून बरे वाटते. आज्ञापत्र आणखी एक सावधगिरी सांगते. गडासमोर त्याला मारक ठरेल असा दुसरा डोंगर नसावा; असलाच तर तो सुरुंगाने फोडून काढावा, नाहीतर बांधून गडात सामील करून घ्यावा. १६६५ च्या एप्रिलमध्ये मोगलांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि पुरंदरची माची तोफांच्या माऱ्यात आली. जूनमध्ये तह झाला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी रायगडावरचा राजवाडा पेटला, तेव्हाही गोळे बाहेरूनच आले होते. तेव्हा नकाशा काढताना शहराच्या डोंगराइतकीच काळजी शेजारच्या डोंगराची घ्यावी.

शहर डोंगरावर नसून डोंगराच्या पोटात असेल, म्हणजे कल्पित कथांतल्या बुटक्यांचे असेल, तर पाण्याच्या आधी हवा येते. तुर्कस्तानातले देरिनकुयू हे मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेले शहर सुमारे ८५ मीटर खोल गेले आहे. त्यात धान्यकोठारे, प्रार्थनागृह आणि जात्याच्या तळीसारखे गोल दगडी दरवाजे आहेत. ते आतूनच ढकलून बंद करता येतात. तबेले वरच्या मजल्यांवर, कारण जनावरे जिन्याने खोल नेणे कठीण. आणि सगळ्यांना छेदत जाणारे हवेचे उभे झरोके. बुटक्यांच्या शंभर भट्ट्या अहोरात्र पेटत्या दाखवायच्या असतील तर धुराडी दाखवावीच लागतील, आणि धुराडे म्हणजे शत्रूला दुरून दिसणारी खूण आणि चोराला आत उतरायची वाट.

कचरा कुठे जातो हा प्रश्न तर कुणीच विचारत नाही. रामचंद्रपंतांनी विचारला. गडावरच्या रस्त्यांत, बाजारात, तटाच्या कडेला केर पडू देऊ नये; तो गडाखाली फेकू नये, जागच्या जागी जाळावा आणि राख परसात टाकून भाजीपाला करावा, अशी त्यांची सूचना आहे. कडा समोर असताना केर खाली लोटण्याचा मोह कुणाला होत नाही? पण खाली घेऱ्यातली माणसे राहतात आणि त्यांच्याच ओढ्याचे पाणी खराब होते.

एवढे सगळे कागदावर आणायचे कसे? सपाट शहराचा नकाशा वरून बघून काढतात, डोंगरी शहराचा तसा काढला की तिथल्या अर्ध्या गोष्टी हरवतात. म्हणून आधी डोंगराचा उभा छेद काढावा, आंबा चिरल्यासारखा. त्यावर पाणी कुठून येते, कुठे साठते, कुठून बाहेर पडते ते निळ्या पेन्सिलीने आखावे आणि घरे त्यानंतर. अंतर मीटरमध्ये न मोजता वेळात मोजावे. त्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही ट्रेकर वापरतात. सपाटीवर साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. वेशीपासून राजवाडा तीन किलोमीटर वाटेवर आणि सहाशे मीटर उंचीवर असेल तर धडधाकट माणसाला दीड तासाहून थोडे अधिक लागतात. पाठीवर ओझे असेल तर त्याहून जास्त. राजवाड्यात खून झाल्याची बातमी वेशीवर पोहोचायच्या आत खुनी दरवाजातून निसटू शकतो का, याचा निकाल आता फाशावर सोडावा लागत नाही.

राहता राहिले ते हत्ती. रायगडावरचे वाटाडे ऑक्झिंडेनच्या प्रश्नाचे उत्तर आजही देतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पिल्ले असतानाच त्यांना वर आणले आणि ती गडावरच वाढली. ऑक्झिंडेनला दिसलेले हत्ती लहानच होते, तेव्हा गोष्ट जुळते. वर त्यांच्यासाठी हत्तीतलाव होता, चारा खालून येत असणार. पूर्ण वाढलेला हत्ती मात्र त्या वाटेने पुन्हा खाली नेणे अवघडच. वाढल्यावर त्याने पाचाडचे शेत पाहिले असेल तर ते कड्यावरूनच.